प्रश्नोत्तरे : हरलेल्या संघासाठी लटका शोक

प्रश्न : इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेला ‘ॲशेस’ म्हणतात. ही राख नक्की कुणाची? आणि हरलेल्या संघाचा मृत्युलेख छापण्याची पद्धत खरंच होती का? (एक वाचक, सांगली)

पद्धत होती आणि ही राख त्याच पद्धतीतून आली. मेलं होतं ‘इंग्लिश क्रिकेट’, मृत्यूचं ठिकाण लंडनचं ओव्हल मैदान आणि तारीख २९ ऑगस्ट १८८२.

आधी सामना पाहू, कारण शोक पटायचा तर मरण कसं आलं ते कळलं पाहिजे. ऑस्ट्रेलिया पहिल्या डावात ६३ धावांत आटोपली, इंग्लंडने १०१ केल्या. दुसऱ्या डावात ह्यू मॅसीने ५५ धावा फटकावल्या तरी ऑस्ट्रेलियाचा डाव १२२ वर संपला. याच डावात तरुण सॅमी जोन्स चेंडू थांबलाय असं समजून खेळपट्टी थोपटायला क्रीजबाहेर गेला आणि इंग्लंडच्या डब्ल्यू. जी. ग्रेसने त्याला धावबाद केलं. नियमात बसणारी, पण मनाला न पटणारी ही कृती पाहून ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज फ्रेड स्पॉफर्थ पेटून उठला.

इंग्लंडला जिंकायला फक्त ८५ धावा हव्या होत्या. २ बाद ५१ अशी मजल मारल्यावर सामना खिशात होता. मग उरलेले आठ गडी २६ धावांत गेले. शेवटचा फलंदाज टेड पीट ऑस्ट्रेलियाच्या बॉइलच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला तेव्हा समोरच्या टोकाला सी. टी. स्टड हा नावाजलेला फलंदाज एकही धाव न करता नाबाद उभा होता. इंग्लंड सर्वबाद ७७, पराभव ७ धावांनी. स्पॉफर्थने दोन्ही डावांत सात-सात मिळून ९० धावांत १४ बळी घेतले. इंग्लंडचा मायदेशातला हा पहिलाच कसोटी पराभव होता.

दोनच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, ‘क्रिकेट’ या साप्ताहिकात सी. डब्ल्यू. अल्कॉक यांनी इंग्लंडच्या क्रिकेटमधल्या वर्चस्वाचा छोटा मृत्युलेख छापला आणि पीटच्या आडनावावर एक कोटीही केली. २ सप्टेंबरला ‘स्पोर्टिंग टाइम्स’मध्ये दुसरा आला, रेजिनाल्ड शर्ली ब्रूक्स या तरुण पत्रकाराने लिहिलेला. जगाने हाच लक्षात ठेवला. त्याचा साचा कुठल्याही निधनवार्तेचा होता : इंग्लिश क्रिकेट अमुक ठिकाणी, अमुक दिवशी निवर्तलं, मोठा मित्रपरिवार शोकाकुल आहे, आत्म्याला शांती लाभो. खाली एक टीप होती, देहाचं दहन होईल आणि राख ऑस्ट्रेलियाला नेली जाईल. ‘ॲशेस’ हे नाव त्या टिपेतून निघालं.

अल्कॉक आणि ब्रूक्स दोघेही इंग्रज होते, हे विसरू नका. ऑस्ट्रेलियाच्या वर्तमानपत्रांनी काढलेली ही खोडी नव्हती. हरलेल्यांनी स्वतःच स्वतःचं सुतक पाळलं होतं. या प्रकाराची पहिली मोठी आठवण पराभूतांच्या लेखणीतून आली, याचं मला फार मोल वाटतं.

प्रश्न : पण अस्थी-राख यात इतकं हसण्यासारखं काय होतं? (एक वाचक, सातारा)

आपल्याकडे अग्निसंस्कार रोजचाच, म्हणून ती टीप आपल्याला सरळ वाटते. १८८२ च्या इंग्लंडमध्ये मात्र दहन हा धक्कादायक विषय होता. तिथे मृतांना पुरत. सर हेन्री टॉम्प्सन या शल्यविशारदांनी १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात पादुआचे प्राध्यापक ब्रुनेत्ती यांची दहनभट्टी पाहिली आणि १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये दहनाचा पुरस्कार करणारी संस्था काढली. तिच्या मूळ जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांत ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे संपादक शर्ली ब्रूक्स होते. हे रेजिनाल्डचे वडील. म्हणजे दहनाचा वाद त्याच्या घरातलाच होता.

वोकिंगला दहनगृह उभं राहिलं आणि १८७९ मध्ये तिथे एका घोड्याचं दहन करून चाचणीही झाली. पण विरोध इतका की माणसाचं दहन तिथे करता येईना. १८८४ मध्ये वेल्समधल्या डॉ. विल्यम प्राइस यांच्या खटल्यात न्यायालयाने दहन बेकायदा नाही असा निर्वाळा दिला आणि मार्च १८८५ मध्ये वोकिंगला पहिलं मानवी दहन झालं. ब्रूक्सची टीप या वादाच्या ऐन मध्यावर आली. क्रिकेटच्या थट्टेआडून त्याने त्या काळच्या एका गंभीर सामाजिक प्रश्नालाही चिमटा काढला होता. वाचणारा इंग्रज दोन्ही कारणांनी हसला असणार.

युरोपातल्या या चर्चेला महाराष्ट्राचाही एक धागा जोडलेला आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा करून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारले. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाला. तिथे १८७४ मध्ये उभारलेलं त्यांचं स्मारक आजही आहे आणि जवळच्या पुलाला तिथले लोक त्यांच्यावरून ‘इंडियानो’ म्हणतात. दहनाची कल्पनाही नवलाची वाटणाऱ्या युरोपने एका मराठी राजाची चिता उघड्या नदीकाठी पेटलेली पाहिली, ती ब्रूक्सच्या टिपेच्या बारा वर्षं आधी.

प्रश्न : लॉर्ड्सवरच्या त्या छोट्या कलशावर कविता आहे म्हणतात. ती शोककविता आहे का? (एक वाचक, नाशिक)

कविता आहे, पण शोकाची नाही. १८८२-८३ च्या हिवाळ्यात आयव्हो ब्लाय इंग्लंडचा संघ घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला आणि ती ‘राख’ परत आणणार असं त्याने भर सभांतून सांगितलं. मर्डॉकच्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्धच्या तीन सामन्यांतला मेलबर्नचा पहिला तो हरला, पुढचे मेलबर्न आणि सिडनीचे दोन जिंकला. याच दौऱ्यात व्हिक्टोरियातल्या सनबरी इथल्या रुपर्ट्सवुड वाड्यात यजमानीण लेडी क्लार्क आणि तिच्या मैत्रिणींनी त्याला मातीचा एक इवलासा कलश भेट दिला. त्याची उंची जेमतेम ११ सेंटिमीटर. त्या घरी संगीत शिकवणारी फ्लॉरेन्स मॉर्फी पुढे १८८४ मध्ये ब्लायची पत्नी झाली. १९२७ मध्ये ब्लाय वारल्यावर तिने तो कलश लॉर्ड्सच्या एमसीसी या क्रिकेट क्लबला दिला.

कलशावर चिकटवलेल्या सहा ओळी ‘मेलबर्न पंच’च्या १ फेब्रुवारी १८८३ च्या अंकातल्या एका मोठ्या कवितेतून कापलेल्या आहेत. त्यांत ब्लाय कलश घेऊन घरी परतेल तेव्हा लोक कसा जल्लोष करतील याचं वर्णन आहे आणि संघातल्या खेळाडूंची नावं यमकांत गुंफली आहेत. गोष्टीची सुरुवात मृत्युलेखाने झाली आणि शेवट स्वागतगीताने. शिवाय हे स्वागतगीत छापलं मेलबर्नच्या, म्हणजे हरलेल्यांच्या शहरातल्या साप्ताहिकाने. दोन्ही वेळा पराभूत बाजूनेच हसत हसत लिहिलं.

नंतर वीसेक वर्षं हा शब्द मागे पडला होता. १९०३-०४ मध्ये इंग्लंडचा कर्णधार पेल्हॅम वॉर्नरने राख परत आणण्याची भाषा पुन्हा केली, मालिका जिंकली आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. तेव्हापासून तो शब्द कायमचा रुळला. मूळ मृत्युलेखाचा साचाही जिवंत राहिला. १९९९ मध्ये इंग्लंडने ओव्हलवरच न्यूझीलंडकडून मालिका गमावल्यावर ‘द सन’ या दैनिकाने तोच मृत्युलेख नव्या तारखेसह पहिल्या पानावर छापला.

प्रश्न : हे क्रिकेटपुरतंच होतं का? आणि हा प्रकार १८८२ मध्येच सुरू झाला का? (एक वाचक, डोंबिवली)

दोन्हींचं उत्तर नाही. लटक्या विलापाची परंपरा फार जुनी आहे. रोमन कवी कॅटुलसने आपल्या प्रेयसीच्या मेलेल्या चिमणीसाठी शोककाव्य लिहिलं, त्याला दोन हजार वर्षं होऊन गेली. इंग्रजीत टॉमस ग्रेने मित्राची मांजर सोनमाशांच्या भांड्यात बुडाली तेव्हा तिच्यावर भारदस्त कविता केली. याच ग्रेने पुढे खेड्यातल्या दफनभूमीवरची ती अतिशय गंभीर आणि गाजलेली विलापिका लिहिली. खरा शोक ज्याला लिहिता येतो त्यालाच खोटा शोक नीट लिहिता येतो, हे यातून दिसतं.

खेळात या प्रकाराला खरा बहर आला तो उत्तर आणि मध्य इंग्लंडमधल्या फुटबॉलमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला तिथे कपच्या सामन्यानंतर ‘स्मृतिपत्रं’ विकली जात. काळी किनार, वर प्रेमळ स्मृतीचे शब्द, मग संघाचं नाव, कोणत्या मैदानावर आणि कुणाच्या पायांखाली तुडवला जाऊन त्याने देह ठेवला त्याची नोंद, आणि खाली काही ओळींचं यमकबद्ध पद्य. पुष्कळदा अंत्यविधीच्या सूचनाही असत. छपाई खऱ्या शोकपत्रांसारखीच : रडणारा विलो वृक्ष, कलश, कमान. जिंकलेल्या गावातले लोक ती किरकोळ किमतीला घेत आणि हरलेल्या गावातल्या मित्रांना, मेहुण्यांना, गिरणीतल्या सोबत्यांना देत.

हे तिथेच आणि तेव्हाच का रुजलं? कारणं साधी आहेत. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या कामगारांना शनिवारची दुपार मोकळी मिळाली आणि पुढे त्या दुपारी मैदानं भरू लागली. रेल्वेने शेजारच्या गावात सामना बघून रात्री घरी येता येऊ लागलं. गिरणीगावांत छापखाने होते आणि शोकपत्रं हा त्यांचा नेहमीचा धंदा. प्रिन्स अल्बर्ट १८६१ मध्ये वारल्यापासून राणी व्हिक्टोरियाने आयुष्यभर काळे कपडे घातले, तेव्हा काळ्या किनारीचा कागद घराघरांत ओळखीचा होता. साचा तयार होता, फक्त मेलेल्याचं नाव बदलायचं होतं.

आणखी एक कारण खेळाच्या रचनेत आहे. एफए कप १८७१-७२ मध्ये सुरू झाला. त्यात एकदा हरलात की स्पर्धेतून गेलात. लीग १८८८ मध्ये आली आणि लीगमध्ये हरलेला संघ पुढच्या शनिवारी पुन्हा खेळतो. म्हणून मृत्यूची भाषा कपला चपखल बसली : एका दुपारी संघ ‘जातो’ आणि पुढच्या हंगामात नव्याने जन्म घेतो. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या विणकर-कारागिरांच्या संघाने ओल्ड इटोनियन्स या उमरावांच्या शाळेतून आलेल्या माजी विद्यार्थ्यांना हरवून कप उत्तरेला नेला. त्यानंतर त्या भागात कप हा गावाच्या इभ्रतीचा प्रश्न झाला. इभ्रत जितकी मोठी तितका विलापही मोठा.

प्रश्न : इटलीत हरलेल्या संघांच्या खोट्या अंत्ययात्रा निघाल्या होत्या असं ऐकलं. ते खरं का? (एक वाचक, मडगाव)

खरं आहे. १० मे १९८७ रोजी नेपल्समध्ये नापोलीने फिओरेन्तिनाशी १-१ अशी बरोबरी साधली आणि इतिहासात पहिल्यांदा इटलीचं विजेतेपद मिळवलं. संघात दिएगो मॅराडोना होता. शहरात दिवसच्या दिवस उत्सव चालला. त्यात युव्हेंटस आणि मिलान या उत्तरेतल्या धनाढ्य संघांच्या लटक्या अंत्ययात्रा काढल्या गेल्या, शवपेट्या जाळल्या गेल्या आणि निधनपत्रकं वाटली गेली. दुसरी इटली हरली आणि नवं साम्राज्य जन्माला आलं, असा त्यांचा आशय होता.

नेपल्समध्ये कुणी वारलं की काळ्या किनारीची पत्रकं भिंतींवर लावतात, आपल्याकडे चौकाचौकांत श्रद्धांजलीचे फलक लागतात तशीच. त्यामुळे हा विनोद तिथल्या शेवटच्या माणसालाही लगेच कळला. एका दफनभूमीच्या भिंतीवर मृतांना उद्देशून कुणीतरी लिहिलं होतं की तुम्ही काय गमावलंत ते तुम्हाला ठाऊक नाही. त्या शहराचा हा आनंद समजून घ्यायचा तर पार्श्वभूमी माहीत हवी. उत्तरेतल्या मैदानांवर नेपल्सच्या लोकांना घाणेरडे म्हणून हिणवलं जाई, व्हेसुव्हिअसने त्यांना गिळावं अशा घोषणा होत. ज्यांच्या मरणाची खुलेआम इच्छा केली गेली, त्यांनी विजयाच्या दिवशी उत्तर दिलं ते कागदाच्या आणि लाकडाच्या खोट्या मरणाने. रागाला इतकं सभ्य रूप देणं सोपं नसतं.

प्रश्न : आपल्याकडे असं काही आहे का? (एक वाचक, नागपूर)

नागपूरकरांनी हा प्रश्न विचारावा याचा आनंद झाला, कारण उत्तराचा अर्धा भाग तुमच्याच गावात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते आणि त्यांच्याबरोबर बडगे निघतात. ज्या गोष्टींनी वर्षभर छळलं, त्यांचे पुतळे वाजतगाजत गावाबाहेर नेऊन जाळायचे, ही परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. शिमग्याला होळीभोवती मारायची बोंब हाही असाच, वर्षातून एकदा मिळणारा परवाना. खोट्या अंत्ययात्रेची आणि खोट्या आक्रोशाची कल्पना आपल्याला परकी मुळीच नाही. काव्यातही आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’पासून विडंबनाची भक्कम परंपरा आहे. कमी आहे ती एवढीच की ही दोन्ही अंगं आपण खेळाकडे फारशी वळवली नाहीत.

ज्या ओव्हलवर इंग्लिश क्रिकेट ‘मेलं’, त्याच ओव्हलवर २४ ऑगस्ट १९७१ रोजी अजित वाडेकरांच्या संघाने भारताला इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय मिळवून दिला. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ वर गुंडाळलं आणि भारताने १७३ चं लक्ष्य चार गडी राखून गाठलं. तो दिवस गणेश चतुर्थीचा होता आणि भारतीय प्रेक्षकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. आपण मृत्युलेख लिहिला नाही, गणपतीचं प्रतीक मिरवलं. तीही उत्सवाची सुंदर रीत होती.

दुसरी आठवण मात्र क्लेशाची आहे. १७ मार्च २००७ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला विश्वचषकात भारत बांगलादेशकडून हरला तेव्हा आपल्या अनेक शहरांत खेळाडूंच्या लटक्या अंत्ययात्रा निघाल्या, पुतळे जळले आणि रांचीत महेंद्रसिंह धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला. कृती वरवर नेपल्ससारखीच. पण तिथे तिरडीवर क्लबचं नाव होतं, इथे चालत्याबोलत्या माणसाचं. या फरकामुळे विनोदाची दहशत झाली.

प्रश्न : मग मुळात मरणावर विनोद करणं योग्य आहे का? हा हरलेल्यांचा अपमान नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

मला वाटतं, नीट केला तर तो हरलेल्यांचा गौरव आहे. मृत्युलेख कुणाचा छापतात? ज्याच्या जाण्याने पोकळी निर्माण होते त्याचा. दुबळ्या संघावर कुणी विलापिका लिहीत नाही. १८८२ मध्ये इंग्लंड मायदेशात अजिंक्य मानलं जाई म्हणून त्याच्या पराभवाला काळी किनार लाभली. शोक लटका असतो, पण त्यामागचा प्रतिस्पर्ध्याबद्दलचा मान खरा असतो. कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांची चुरस तुम्ही शाहू स्टेडियमवर पाहिली असेल. समोरचा संघ तोलामोलाचा नसता तर ती गर्दी जमलीच नसती.

मर्यादा मात्र स्पष्ट आहे : मरायचं ते संघाच्या आशेने, हंगामाने, वर्चस्वाने. माणसाने नाही. आणि जिथे खरं मरण घडून गेलं आहे तिथे ही लेखणी खाली ठेवायची. ४ मे १९४९ रोजी सुपेर्गाच्या टेकडीवर विमान आदळून तोरिनो या इटालियन फुटबॉल क्लबचा जवळजवळ अख्खा संघ गेला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमान अपघातात २३ जण गेले, त्यांत मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू होते. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीने अखेर ९७ बळी घेतले. प्रतिस्पर्धी प्रेक्षकांनी या दुर्घटनांवर रचलेली गाणी हा ब्रिटिश फुटबॉलवरचा कलंक आहे, आणि आता तिथे अशा घोषणांसाठी खटले होतात, मैदानबंदी होते.

कोलकात्याचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असं हरवलं आणि बागानच्या एका चाहत्याने आत्महत्या केली. १६ ऑगस्ट १९८० ला याच दोन संघांच्या सामन्यात ईडन गार्डन्सवर १६ प्रेक्षकांचा जीव गेला. समोरच्याच्या मनाला हार किती खोल लागली आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून ज्याच्यावर लिहिलं त्याला समोर बसवून वाचून दाखवता येईल इतकंच लिहावं.

प्रश्न : मराठीत अशी विलापिका लिहायची तर कशी? नमुना द्याल? (एक वाचक, पुणे)

देतो. आधी चार गोष्टी सांगतो.

पहिली, साचा पूर्ण गंभीर ठेवा. निधनवार्तेत जे जे येतं ते सगळं यावं : स्थळ, काळ, कारण, आप्त, अंत्यविधी. मधेच ‘गंमत केली हं’ असं सुचवलंत की सगळं कोसळतं. दुसरी, आकडे अचूक द्या. धावा, गडी, गोल यांत एक चूक झाली तरी हरलेला संघ तुमच्यावर उलटेल आणि तेही रास्तपणे. तिसरी, वृत्त सांभाळा. लोकांच्या कानात बसलेला छंद घ्या आणि अक्षरं मोजा. आपल्याकडे ६-६-६-४ अक्षरांचा अभंग यासाठी उत्तम, कारण दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक पटकन कानात शिरतं आणि शेवटचा आखूड चरण हुंदक्यासारखा अडतो. चौथी, शेवटी मेलेल्याला परत यायला वाट ठेवा.

ओव्हलच्या त्या सामन्यावर मी रचलेला हा नमुना :

पंच्याऐंशी धावा । हव्या होत्या फक्त ।
आटले की रक्त । ओव्हलात ॥

एक्कावन्न दोन । होता थाट मोठा ।
शेवटी तो तोटा । सातांचाच ॥

स्पॉफर्थ वैद्याने । चौदा पुड्या दिल्या ।
नाड्या साऱ्या गेल्या । थंडावून ॥

दाढीत आसवे । झाके ग्रेसराव ।
पुसे सारा गाव । कोण गेले? ॥

राखेचे गाठोडे । बोटीवर चढे ।
मेलबर्नाकडे । निघाले ते ॥

हसू नको फार । जिंकणाऱ्या गड्या ।
तुझ्याही तिरड्या । बांधू आम्ही ॥

यात नाव आलं ते ग्रेस आणि स्पॉफर्थ या दोन दिग्गजांचं, आणि तेही त्यांचा मोठेपणा ठेवून. ज्याच्या दांडीवर सामना संपला त्या पीटला मी मुद्दाम वगळलं. शेवटच्या फलंदाजावर सगळ्या हरण्याचं खापर फोडायला विलापिका लिहायची नसते. शेवटचं कडवं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण तिथे रडणारा आणि हसणारा एका पातळीवर येतात. १८८२ नंतर ते भाकीत खरंही ठरलं. पाचेक महिन्यांत ब्लायने सिडनीत मालिका जिंकली.

तेव्हा वाचकहो, गणेशोत्सवातल्या क्रिकेट स्पर्धा असोत, सोसायटीतली कॅरमची चुरस असो की दोन महाविद्यालयांमधलं कबड्डीचं वैर, पुढच्या वेळी जिंकलात तर फटाक्यांच्या आणि शिव्यांच्या जागी सहा कडव्यांची विलापिका लिहा. ती हरलेल्या संघाच्या कर्णधाराच्या हाती द्या आणि पुढच्या वर्षी उत्तर लिहायचं आमंत्रणही त्याला तेव्हाच देऊन टाका.